भाग ४१ : रोजचं बायबल वाचन रोजच्या जगण्यात कसं आणायचं?

ज्यांना लोकलमध्ये रेंज मिळत नाही किंवा हेडफोन घरी विसरतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप देतोय. बोलताना मी जितक्या वेळा ‘म्हणजे बघा’ म्हणतो त्यातले निम्मे काढलेत. बाकी जवळपास तसंच आहे.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. म्हणाला, “दादा, रोज सकाळी ॲपमध्ये अध्याय वाचतो, टिकमार्क करतो, आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत काय वाचलं तेच आठवत नाही. वाचलेलं आयुष्यात लागू कर असं पाळक सांगतात. पण लागू करायचं म्हणजे नक्की काय करायचं?”

प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे ‘रोज वाचा’ असं सगळे सांगतात, पण वाचून झाल्यावर पुढे काय, हे फारसं कुणी बसून सांगत नाही.

आधी आकडे बघू, इंजिनिअर माणसाला त्याशिवाय चैन पडत नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. ९२९ जुन्या करारात, २६० नव्या करारात. (कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, त्यामुळे तिथे अध्यायही जास्त.) वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. रॉबर्ट मरे मॅक्शेन नावाच्या स्कॉटिश पाळकाने १८४२ मध्ये डंडी शहरातल्या आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला होता. रोज चार अध्याय वाचायचे, म्हणजे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. आज तुमच्या ॲपमध्ये जे ‘रीडिंग प्लॅन’ दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा हा पणजोबा. तो तक्ता केला तेव्हा मॅक्शेन आपल्याच वयाचा होता, तिशीच्या आतला.

आता दुसरा हिशोब. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात केली तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय संपायला सव्वातीनच्या वेगाने साधारण २८ दिवस लागतात. म्हणजे जानेवारी संपता संपता तुम्ही लेवीयमध्ये शिरता. यज्ञ, चरबी, गुर्दे, त्वचारोग, भिंतीवरचा चट्टा. नववर्षाचा संकल्प फेब्रुवारीत का मोडतो, याचं उत्तर या गणितात आहे. त्यात तुमच्या भक्तीचा दोष मला तरी दिसत नाही. सुरुवातच करायची असेल तर मार्कपासून करा. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट पळत राहते.

पण लेवीय टाळा असं मी म्हणत नाहीये. त्याच्याकडे परत येतो.

माझं मत थोडं कडक आहे, रागावू नका. आपल्यातले बरेच जण रोजचं वचन राशिभविष्यासारखं वाचतात. सकाळी पेपर आला की मेष, वृषभ, मिथुन... आज धनलाभ, प्रवास टाळा. तसंच ॲप उघडलं की ‘आजचं वचन’, मागे सूर्योदयाचा फोटो, स्टेटसला टाकलं, झालं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत डब्यातून चिठ्ठी काढतो, त्याच्यावर ‘वर्षाचं वचन’ असतं, ते फ्रिजला लावतो. त्या चिठ्ठीबद्दल मला प्रेम आहे, आमच्या आजीने आपल्या सगळ्या चिठ्ठ्या बायबलमध्ये जपून ठेवल्या होत्या. पण चिठ्ठीवर एक ओळ असते, आणि ती ओळ कुणीतरी कुणालातरी, कुठल्यातरी प्रसंगी लिहिलेली असते. तो प्रसंग चिठ्ठीवर मावत नाही.

उदाहरण देतो. मागच्या वर्षी माझा प्रोजेक्ट बंद झाला आणि मी बेंचवर आलो. आयटीवाल्यांना सांगायला नको. रोज लॉगिन करायचं, काम काहीच नाही, एचआरचा मेल आला की पोटात गोळा. घराचा हप्ता सुरू, आणि बहिणीचं लग्न ठरलेलं. घरच्या आणि मंडळीच्या ग्रुपवर मिळून मला सात जणांनी एकच वचन पाठवलं, यिर्मया २९:११. पाठ असेलच तुम्हाला. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, आणि तो आपल्याला भवितव्य व आशा देऊ इच्छितो, असा त्याचा आशय.

सातव्यांदा आलं तेव्हा मी पूर्ण अध्याय उघडला. ते एक पत्र आहे. यरुशलेमेत राहिलेला यिर्मया बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना लिहितोय. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यखन्या राजाला आणि त्याच्यासोबत अधिकारी, कारागीर, लोहार अशा कामाच्या माणसांना उचलून नेलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळा स्किल्ड स्टाफ. आधीचाच अध्याय, २८ वा, वाचला तर तिथे हनन्या नावाचा संदेष्टा दिसतो. तो लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं लागतील. म्हणून घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ११ वं वचन याच्या नंतर येतं.

सत्तर वर्षं! ज्याचं वय तेव्हा तीस होतं, त्याला परत जायला मिळणार नव्हतंच. म्हणजे फ्रिजवरचं ते वचन मुळात ‘लवकरच सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्या माणसाला खोडून काढणाऱ्या पत्रात आहे.

मग ते मला लागू होतं की नाही? सरळ नाही होत, मी बाबेलमध्ये नव्हतो, मी बाणेरला होतो. पण पत्रातली सूचना कशी आहे ते बघा. परिस्थिती बदलेपर्यंत आयुष्य थांबवून ठेवू नका, आहे तिथे झाडं लावा. मी काय केलं? नोकरी पक्की झाली की करू म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी काढली. त्यात मंडळीतल्या रविवारच्या शाळेत शिकवणं होतं, ते त्याच आठवड्यात सुरू केलं. बहिणीच्या लग्नाचा खर्च घरच्यांसोबत बसून खुलेपणाने मांडला. आणि बेंचवर असलेल्या आम्हा चार-पाच जणांची रोज संध्याकाळी इंटरव्ह्यूची तयारी सुरू केली, त्यात ख्रिस्ती मी एकटाच. शहराचं भलं म्हणजे माझ्यासाठी तेव्हा तो ग्रुप होता.

शेवटी मला प्रोजेक्ट मिळाला, वेगळ्या टेक्नॉलॉजीवर. त्या ग्रुपमधल्या दोघांना नाही मिळाला, त्यांना जावं लागलं. मंडळीतही त्याच महिन्यात एकाची नोकरी गेली, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वचन वाचतो. त्यामुळे ‘रोज वाचन केलं म्हणून नोकरी वाचली’ अशी साक्ष मी कुठल्याही स्टेजवर देणार नाही. यिर्मयाचं पत्रही तसं काही म्हणत नाही.

तर माझी पद्धत एवढीच. वचन उघडलं की आधी तीन गोष्टी बघायच्या. कोण बोलतंय, कुणाशी, आणि तेव्हा काय चाललं होतं. मगच ‘माझं काय’ विचारायचं. स्टॅक ट्रेस न वाचता शेवटच्या ओळीवरून बग शोधणारा ज्युनिअर आपण सगळ्यांनी पाहिलाय, तसं इथे नको. जिमच्या टी-शर्टवर छापतात ते फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ घ्या. पौलाने ते बंदिवासात असताना लिहिलंय, आणि लगेच आधीच्या दोन वचनांत तो भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही स्थितींत समाधानी राहायला शिकलो असं सांगतो. म्हणजे बेंच प्रेसपेक्षा बेंचवरच्या माणसाला ते जास्त लागू पडतं. (हा विनोद रेकॉर्डिंगमध्ये चालला नव्हता, तरी ठेवतोय.)

आता लेवीय. २७ अध्यायांचं हे पुस्तक आपण टाळतो, आणि त्याच्यात १९ वा अध्याय आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे येशूने उद्धृत केलेलं वचन मूळचं इथलं. पण त्याच्या आजूबाजूला काय आहे? शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. तराजू आणि वजनं खरी ठेवा. आणि मोलकऱ्याची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवून घेऊ नका. प्रीती म्हणजे काय, तर पगार वेळेवर देणं. इतकं साधं.

माझा एक मित्र छोटी डिझाइन एजन्सी चालवतो. फ्रीलान्सरना साठ दिवसांनी पैसे द्यायची त्या धंद्यात रीतच आहे, सगळे तसंच करतात. आमच्या बायबल अभ्यासात हा अध्याय आला तेव्हा तो गप्प झाला. पुढच्या महिन्यात त्याने नियम बदलला, काम हाती आलं की सात दिवसांत पैसे. मोठ्या क्लायंटकडून त्याला पैसे उशिराच येतात, त्यामुळे दोन-तीन महिने त्याची चांगलीच ओढाताण झाली. त्याने मला सांगितलेलं वाक्य आठवतंय, “स्तोत्रं वाचून कधी खिशाला चाट बसली नव्हती रे.”

त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यात आहे असं मला वाटतं. लागू करणं म्हणजे वाचून छान वाटणं इतकंच नसतं. कॅलेंडरमध्ये, बँकेच्या ॲपमध्ये किंवा कॉल लॉगमध्ये त्याची काहीतरी खूण दिसायला हवी. याकोबाच्या पत्रात आरशाचा दाखला आहे ना, माणूस आरशात तोंड बघतो आणि वळताच आपण कसे दिसतो ते विसरतो. आपला सेल्फी कॅमेरा बंद झाला की तेच.

सगळ्यात अवघड गेलेलं सांगतो. मत्तय ५:२३-२४. येशू म्हणतो, तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. शंभर वेळा ऐकलेलं. पण दोन गोष्टी पूर्ण वाचल्याशिवाय लक्षात येत नाहीत. पहिली, ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध’ असं तिथे नाही. ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असं आहे. चूक कुणाची, हा प्रश्न येशू विचारतच नाही. दुसरी, हे तो गालीलात बोलतोय आणि वेदी यरुशलेमेत आहे. मधलं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पायी कित्येक दिवसांचं. ऐकणाऱ्या गालीली माणसासाठी त्याचा अर्थ असा, की एवढं चालून मंदिरात पोहोचलास तरी परत फीर, गावी जा, भावाशी बोल, आणि पुन्हा तेवढंच चालत ये.

मी पुण्यात राहतो. माझे काका नगरला, साधारण १२० किलोमीटर. आजोबा गेल्यावर घराचे कागद बाबांच्या नावावर झाले, कारण कर्ज बाबांनी फेडलं होतं. काकांचं म्हणणं वेगळं आहे. २०१६ पासून नाताळला ते आमच्याकडे आले नाहीत, आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. तेव्हा मी कॉलेजात होतो, त्या व्यवहारात माझा काही हात नाही. पण काकांच्या मनात ‘आमच्या’विरुद्ध आहे, आणि त्या ‘आमच्या’त मी आहे.

मी एका शनिवारी शिवाजीनगरहून एसटी पकडून गेलो. बाबांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, “तुला काय गरज पडली?” मी म्हटलं, “बाबा, कागदाबद्दल काही बोलणार नाही, फक्त भेटून येतो.” त्यावर ते काही बोलले नाहीत, पण काकांना आवडते म्हणून लसणाची चटणी आईने डब्यात दिली तेव्हा त्यांनी अडवलं पण नाही.

काकांनी दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला. तासभर गावातल्या पाण्याबद्दल आणि त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. निघताना म्हणाले, “तुझ्या बापाला सांग, मी पैशासाठी नाही रुसलो. मला विचारलं नाही, म्हणून रुसलो.” नऊ वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं. समेट झाला का? अजून नाही. बाबांनी फोन हातात घेऊन परत ठेवलेला मी दोनदा पाहिलाय. मी महिन्यातून एकदा नगरला जातो.

थोडं थांबून एक महत्त्वाचं. वचन लागू करणं म्हणजे प्रत्येक त्रासावर वचन चिकटवणं नाही. तुम्हाला झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, कुणाला तरी आजच सांगा. त्याने विश्वास कमी ठरत नाही. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. झोपू देतो, उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणं नंतर होतं. आणि स्तोत्र ८८ वाचून ठेवा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारात संपतं. बेंचवरच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त सोबत त्या स्तोत्राची झाली, कारण पवित्र शास्त्रात अशा प्रार्थनेलाही जागा आहे हे कळलं.

आता ‘लक्षात राहत नाही’ याबद्दल. यहोशवा १:८ मध्ये रात्रंदिवस मनन करायला सांगितलंय, तिथला मूळ इब्री शब्द ‘हागा’. त्याचा अर्थ पुटपुटणं, हलक्या आवाजात म्हणत राहणं. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी वापरलाय. म्हणजे मनन हे डोळे मिटून शांत बसण्यापेक्षा तोंडाने करायचं काम आहे. आमची आजी ओठ हलवत वाचायची, आम्ही हसायचो. ती बरोबर करत होती. फोनवर अंगठ्याने सरकवत वाचलेलं सरकूनच जातं. एखादंच वचन घ्या आणि पार्किंगपासून लिफ्टपर्यंत पुटपुटा. लोक समजतील ब्लूटूथ आहे.

आणि ऐकून वाचन करणाऱ्यांनी कमीपणा मानू नका. पहिल्या शतकात बहुतेकांनी हे सगळं कानानेच घेतलं. पौल कलस्सैच्या मंडळीला सांगतो, हे पत्र वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. प्रकटीकरणाच्या सुरुवातीलाच वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय.

भाषा जड वाटत असेल तर दोन भाषांतरं शेजारी उघडा, एक जुनं, एक सोपं. मराठीत नवा करार १८११ मध्ये विल्यम केरीच्या सेरामपूरहून छापला गेला, तेव्हापासून भाषांतरं होतच आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना समजेल अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या वारल्या, त्याआधी काम पुरं केलं होतं. ते १९२४ मध्ये आलं. एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षं आपल्याला कळावं म्हणून दिली, तर आपण एक टॅब जास्त उघडू शकतो.

स्ट्रीक तुटला तर? तुटू द्या. निर्गम १६ मधला मान्ना आठवा. रोज लागेल तेवढाच गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट. राहिलेले नऊ दिवस रविवारी दुपारी एका बैठकीत भरून काढू नका. त्या दिवशीचा भाग उघडा आणि पुढे चला. ॲपला वाईट वाटेल, वाटू द्या.

पुढच्या भागापर्यंत आपण रूथ वाचतोय. चार अध्याय आहेत, रोज एक, आणि उरलेल्या तीन दिवसांत पुन्हा दुसरा अध्याय. मवाबी सून, सासू नामी, बेथलेहेमातलं जवाचं शेत. दुसरा अध्याय वाचताना लेवीय १९ शेजारी उघडा ठेवा. मग बवाजाच्या शेतात रूथ पडलेली कणसं का वेचू शकते ते दिसेल, आणि तो नियमापेक्षा किती जास्त मागे सोडतो तेही. तुमच्या शेताची कड कुठली आहे, ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज.